हौसेचे प्राणी आणि परोपजीवी कृमी

कात्रज हे नाव पुणेकरांच्या बोलण्यात येते ते घाटामुळे, दुधामुळे आणि सापांमुळे. सातारा रस्त्याने शहराबाहेर पडणाऱ्यास घाटाच्या पायथ्याशी हे गाव लागत असे. आज ते गाव राहिलेले नाही. दक्षिण पुण्याचे ते एक गजबजलेले उपनगर झाले आहे. येथे १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झाले. पुढे १९९९ मध्ये महापालिकेचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उघडले आणि पेशवे उद्यानातील प्राणी क्रमाक्रमाने तेथे आले. शालेय सहलींच्या बसगाड्या तेव्हापासून कात्रजला थांबू लागल्या त्या आजतागायत थांबत आहेत.

या सर्पोद्यानाने पुणेकरांना एक मोठी गोष्ट शिकविली. साप दिसला की काठी शोधावयाची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मोडणे सोपे नव्हते. १९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात ७२ विषारी सापांच्या सोबतीने ७२ तास काढले. पुढे सर्पोद्यानाच्या स्थापनेतही त्यांचाच पुढाकार होता. अशा प्रयत्नांमुळे भीतीची जागा हळूहळू कुतूहलाने घेतली. परंतु कुतूहलाच्या पुढची पायरी आपुलकीची असते आणि आपुलकीच्या पुढे पुष्कळदा स्वामित्वाची इच्छा उभी असते. ज्या प्राण्याची भीती गेली, तो आपल्या घरी असावा असे वाटू लागते. सर्पोद्यानात सापाला समजून घेणे आणि आफ्रिकेतला बॉल पायथन विकत आणून बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवणे, या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते आज विसरले जात आहे.

बॉल पायथन, इग्वाना, लाल कानांचे अमेरिकी कासव, शुगर ग्लायडर, आफ्रिकी हेजहॉग, हॅमस्टर, मकाव पोपट ही नावे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक होती. आज शाळकरी मुले ती सहज उच्चारतात. वाढदिवसाची भेट म्हणून असा प्राणी घरी येतो, त्याचे बारसे होते, त्याची छायाचित्रे नातेवाइकांना पाठविली जातात. त्याच्या आतड्यात आणखी कोण कोण राहते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

हौस जुनी, घर नवे

परदेशी आणि दुर्मिळ प्राण्यांची हौस पुण्याला नवी नाही. सवाई माधवरावांच्या काळी पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता आणि त्यातील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने १७९० मध्ये काढून ठेवले आहे. पण तो गेंडा वाड्याच्या माजघरात नव्हता. त्याची जागा वेगळी होती आणि त्याची उसाभर करणारी माणसे वेगळी होती. आजची हौस दोन खोल्यांच्या सदनिकेत नांदते. ज्या बेसिनमध्ये कासवाची पेटी धुतली जाते, त्याच बेसिनमध्ये भाजीही धुतली जाते. ज्या गादीवर हॅमस्टर बागडतो, त्याच गादीवर लहान मूल झोपते. प्राणी आणि माणूस यांच्यातले अंतर नाहीसे झाले की त्या दोघांच्या आतड्यांतले अंतरही कमी होते. साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

परोपजीवी म्हणजे दुसऱ्याच्या देहात राहून त्याच्या अन्नावर जगणारा जीव. महाराष्ट्राला त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. पायविहिरीचे पाणी पिणाऱ्या आपल्या खेड्यांनी नारूचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या सोसले. विहिरी सुधारल्या, पाणी गाळून पिण्याची सवय लावली, तेव्हा तो रोग हटला आणि २००० च्या फेब्रुवारीत भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. नारूवर लस निघाली नव्हती, त्याचा नायनाट करणारे औषधही सापडले नव्हते. कृमीच्या जीवनचक्रातील एक दुवा ओळखून तो तोडला, एवढेच घडले. घरातल्या परदेशी प्राण्यांच्या बाबतीतही हाच धडा उपयोगी पडणारा आहे. त्यासाठी दुवे कोणते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

विष्ठेपासून तोंडापर्यंत

आतड्यातील परोपजीवींचा प्रवास बहुधा एकाच वाटेने होतो: प्राण्याच्या विष्ठेतून बाहेर आणि माणसाच्या तोंडातून आत. मधले वाहन हात असेल, पाणी असेल, भाजी असेल किंवा जमिनीवर पडलेले खेळणे असेल. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे एकपेशीय जीव विष्ठेतून बाहेर पडताक्षणीच संसर्ग करण्यास समर्थ असतात. सशापासून शुगर ग्लायडरपर्यंत अनेक सस्तन प्राण्यांत ते आढळतात आणि त्यांचे काही प्रकार माणसालाही बाधतात. क्रिप्टोस्पोरिडियमचे कवच तर इतके चिवट असते की पाण्यातील नेहमीच्या क्लोरिनलाही ते दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यात तो शिरला, तेव्हा सुमारे चार लाख माणसे जुलाबाने आजारी पडली. पाणी उकळणे मात्र त्याला सोसत नाही.

हायमेनोलेपिस नाना हा लहानसा पट्टकृमी उंदीर आणि हॅमस्टर यांच्या आतड्यात राहतो आणि लहान मुलांतही आढळतो. त्याची अंडी मुलाच्या पोटात गेली तर मध्ये दुसऱ्या कोणत्याही प्राण्याची गरज न लागता कृमी वाढू शकतो. एवढेच नव्हे, तर त्याच आतड्यात त्याची पुढची पिढीही तयार होऊ शकते. याउलट कुत्र्या-मांजरांच्या टॉक्सोकारा कृमीची अंडी ताज्या विष्ठेत निरुपद्रवी असतात; मातीत दोन-तीन आठवडे पडून राहिल्यावर ती बाधक बनतात. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काही परोपजीवींच्या बाबतीत विष्ठा रोजच्या रोज उचलली तर धोका जवळजवळ संपतो. काहींच्या बाबतीत ती उचलताना हात कसे राखले, यावर सारे अवलंबून असते.

माकडांच्या बाबतीत धोका अधिक जवळचा आहे. माकड देहरचनेने आपल्या नात्यातले, त्यामुळे आमांशाला कारण होणारा अमीबा आणि काही प्रकारचे सूत्रकृमी त्याच्याकडून माणसाकडे आणि माणसाकडून त्याच्याकडे सहज जातात. आपल्या देशातील बहुतेक जातींची माकडे पाळण्यास कायद्याने बंदी आहे. ती बंदी माकडांच्या भल्यासाठी असली तरी माणसाच्या आरोग्याचेही तिने रक्षण केले आहे.

धोका किती?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाहीतर या लेखाने भीती पसरविण्याचेच काम केले असे होईल. परोपजीवी हे बहुधा आपापल्या यजमानाशी बांधलेले असतात. सरड्या-कासवांच्या आतड्यातील बहुतेक सूत्रकृमी माणसाच्या पोटात जगू शकत नाहीत. सापांना जर्जर करणारा क्रिप्टोस्पोरिडियमचा प्रकार माणसाला होत नाही. त्यामुळे प्राण्याच्या विष्ठेत कृमी दिसले म्हणजे घरातील सर्वांना लागण झाली, असा अर्थ काढणे चुकीचे आहे.

परंतु निसर्गात नियमाला अपवाद असतात आणि कधीकधी अपवादच भयंकर ठरतात. ऑस्ट्रेलियातील ६४ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूतून २०२२ मध्ये कॅनबेरा येथील शल्यवैद्यांनी आठ सेंटिमीटर लांबीचा जिवंत कृमी बाहेर काढला. तो तिकडच्या कार्पेट पायथन जातीच्या अजगराच्या पोटात राहणारा गोलकृमी होता. या बाईंनी अजगर पाळला नव्हता. तळ्याकाठची रानभाजी त्या खुडून आणीत, आणि अजगराच्या विष्ठेतून त्या भाजीवर पडलेली अंडी त्यांच्या पोटात गेली असावीत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. माणसात हा कृमी सापडण्याची जगातील ही पहिलीच नोंद. आफ्रिकेतील सापांच्या श्वसनमार्गात राहणारे आर्मिलिफर नावाचे जिव्हाकृमीही साप हाताळणाऱ्या वा खाणाऱ्या माणसांच्या शरीरात सापडलेले आहेत. अशी प्रकरणे विरळ आहेत. पण ज्या प्राण्यांशी माणसाचा कधी घरोबा नव्हता, त्यांच्याशी तो जडला की कोणता कृमी कोठे वाट काढील हे आधी सांगता येत नाही, एवढे त्यांवरून निश्चित होते.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यातील खरा नित्याचा धोका कृमींचा नसून साल्मोनेला या जिवाणूचा आहे. कासव, इग्वाना, साप यांच्या आतड्यात तो गुण्यागोविंदाने राहतो. प्राणी ठणठणीत दिसतो आणि विष्ठेतून जिवाणू सोडीत राहतो. अमेरिकेत चिमुकली कासवे मुलांच्या हाती खेळणी म्हणून दिली जात आणि मुले ती तोंडालाही लावीत. साल्मोनेलाचा इतका उपद्रव झाला की १९७५ मध्ये तेथील शासनाने चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. तेच लाल कानांचे कासव पुढे आपल्या बाजारांत शुभ म्हणून विकले जाऊ लागले.

आतड्यातील सूक्ष्म जीवांचा परिणाम केवळ पोटदुखीपुरता नसतो, याचा अनुभव पुण्याने अलीकडेच घेतला आहे. २०२५ च्या आरंभी कात्रजपासून फार लांब नसलेल्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमची साथ आली. माणसांचे हातपाय लुळे पडू लागले, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत पशुपक्ष्यांच्या आतड्यात राहणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. त्या साथीचा पाळीव परदेशी प्राण्यांशी संबंध जोडण्यास आधार नाही. तथापि, जुलाबाचे दुखणे क्षुल्लक मानू नये, हे त्या साथीने शिकविले.

कुत्रा-मांजर आणि इतर

यावर एक आक्षेप घेतला जाईल. कुत्र्या-मांजरांपासूनही कृमी होतात, किंबहुना संख्येने पाहता त्यांच्यापासूनच अधिक होतात. मग बिचाऱ्या हॅमस्टरलाच दोष का? आक्षेप रास्त आहे. पण कुत्रा आणि माणूस यांचा सहवास हजारो वर्षांचा आहे. त्याला कोणते जंत होतात, कोणते औषध किती महिन्यांनी द्यावयाचे, हे प्रत्येक पशुवैद्याला पाठ असते. परदेशी प्राण्यांच्या बाबतीत हे ज्ञान विरळ आहे आणि अर्धवट ज्ञान घातक ठरते. गुरांच्या व कुत्र्यांच्या अनेक परोपजीवींवर गुणकारी असलेले आयव्हरमेक्टिन हे औषध कासवाला दिले, तर कासव दगावू शकते. औषधाच्या दुकानातून गोळी आणून अंदाजाने मात्रा देणारा हौशी मालक आपल्या प्राण्याचा उपकारकर्ता नव्हे.

शिवाय तपासणीचीही अडचण आहे. परोपजीवींची अंडी आणि पुटी विष्ठेतून दररोज बाहेर पडतातच असे नाही. एका दिवसाचा नमुना निर्दोष निघाला म्हणून प्राणी निर्दोष ठरत नाही. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने तपासणे शहाणपणाचे असते. लांबच्या प्रवासाने, गर्दीने, उपासमारीने प्राण्याची प्रतिकारशक्ती खचते आणि आतड्यातील परोपजीवींचे फावते. म्हणून दुकानातून नुकताच घरी आलेला प्राणी हाच बहुधा सर्वाधिक संसर्ग सोडणारा असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरातील मुले त्याला क्षणभर खाली ठेवीत नाहीत.

प्राणिसंग्रहालयाची शिस्त

या ठिकाणी कात्रजच्याच प्राणिसंग्रहालयाकडे पाहावे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या अशा संस्थेत नवा प्राणी आला की त्याला थेट इतरांत सोडीत नाहीत. काही काळ वेगळा ठेवून त्याची तपासणी करतात. विष्ठेची नियमित परीक्षा होते, जंतनाशक औषधांचे वेळापत्रक असते, पिंजरा झाडणाऱ्या सेवकाची साधने वेगळी असतात. एवढी शिस्त असूनही रोग शिरतो. जुलै २०२५ मध्ये याच संग्रहालयातील सोळा चितळे अवघ्या काही दिवसांत मरण पावली आणि तपासणीअंती लाळ-खुरकुताचे निदान झाले. हा रोग विषाणूचा, परोपजीवींचा नव्हे, आणि माणसाला त्याचे भय नाही. पण पशुवैद्य हाताशी असताना जे घडू शकते, ते कोणतीच तपासणी नसलेल्या सदनिकेत घडणार नाही, असे कोण म्हणेल?

कायद्याने या विषयात अलीकडे लक्ष घातले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय करारातील सूचीत असलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या देशातील पोपट किंवा स्टार कासव घरी ठेवणे तर सरळसरळ गुन्हाच आहे. परंतु या नोंदणीचा हेतू व्यापारावर नजर ठेवण्याचा आहे. घरातल्या माणसांच्या प्रकृतीचा विचार तिच्या केंद्रस्थानी नाही. शुगर ग्लायडर किंवा हॅमस्टर त्या आंतरराष्ट्रीय सूचीत नाहीत, म्हणून ते या नोंदणीच्या बाहेरच राहतात. दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. ते काटेकोरपणे अमलात आणण्याची जबाबदारी कोणीतरी उचलली पाहिजे. विक्रीच्या वेळी विष्ठातपासणीचा दाखला आणि मराठीत छापलेले सूचनापत्र ग्राहकाच्या हाती दिलेच पाहिजे, असा दंडक घातला तर दुकानदारावर फार मोठा बोजा पडणार नाही.

दुसरी उणीव वैद्यकाची आहे. माणसाचा डॉक्टर आणि प्राण्याचा डॉक्टर यांची भेट सहसा होत नाही. मुलाला आठवडाभर जुलाब होत असताना घरी कोणता प्राणी आहे, हा प्रश्न विचारला जात नाही आणि पालकही आपण होऊन सांगत नाहीत. शाळांतून २०१५ पासून जंतनाशक दिन पाळला जातो आणि मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. हा उपक्रम स्तुत्य आहे. पण ती गोळी प्रामुख्याने मातीतून पसरणाऱ्या कृमींसाठी आहे. क्रिप्टोस्पोरिडियमवर ती चालत नाही. गोळी घेतली म्हणजे वर्षभराची चिंता मिटली, असे घरी हॅमस्टर किंवा कासव असणाऱ्यांनी तरी समजू नये.

तळ्यात सोडलेली कासवे

हौस सरते तेव्हा प्रश्न घराबाहेर पडतो. नाण्याएवढे आणलेले कासव ताटलीएवढे होते, पेटीला वास येऊ लागतो, आणि एके दिवशी ते जवळच्या तळ्यात सोडून दिले जाते. सोडणाऱ्यास आपण पुण्यकर्म केले असे वाटते. प्रत्यक्षात ते परकी कासव देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते व आपल्याबरोबरचे जिवाणू आणि कृमी त्या पाण्यात सोडते. कात्रजचे तळे हे काही साधे डबके नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी या तळ्यातून शहरातील हौदांपर्यंत पाणी नेणारा भूमिगत नळ बांधला गेला आणि त्या पाण्यावर पुणे वाढले. येथूनच वाहत जाणारा आंबिल ओढा शहराच्या मध्यातून मुठेला मिळतो. सप्टेंबर २०१९ च्या पुरात त्याने काय केले, हे शहर विसरलेले नाही. कात्रजला जे पाण्यात पडते ते कात्रजलाच राहत नाही, हे पुण्याच्या भूगोलाने केव्हाच सांगून ठेवले आहे.

मग करावे काय? घरातील प्राणी रस्त्यावर सोडणे हा उपाय नव्हे. तो गुन्हाही आहे आणि क्रौर्यही. ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांनी थोडी शिस्त पाळली तर धोका पुष्कळ कमी होतो. प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याची पेटी, भांडी स्वयंपाकघरात किंवा तेथील बेसिनमध्ये कधीही धुवू नयेत. विष्ठा रोज हातमोजे घालून उचलावी. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध माणसे आणि कर्करोगाचे वा अवयवरोपणाचे उपचार घेणारे रुग्ण यांना सरपटणाऱ्या प्राण्यांपासून दूर ठेवावे. वर्षातून निदान दोनदा विष्ठेची तपासणी करून घ्यावी. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे आणि कात्रजचा घाट ओलांडून सातारा रस्त्याने पुढे गेले की शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपल्या पशुवैद्याच्या सल्ल्याने नमुना कोठे द्यावयाचा ते ठरविता येते. आणि घरातील कोणालाही जुलाब, पोटदुखी वा अकारण ताप आला, तर घरात कोणता प्राणी आहे हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे.

शिक्षकांचे काम याहून मोठे आहे. कात्रजच्या सहलीला निघालेल्या मुलांना साप ओळखावयास शिकविले जाते, तसेच त्याच्या पोटातील अदृश्य जगाविषयीही दोन शब्द सांगितले जावेत. मुलांना कृमींच्या गोष्टी किळसवाण्या वाटत नाहीत, मोठ्यांना वाटतात. जीवनचक्राची आकृती फळ्यावर काढून, यातला कोणता दुवा तुम्ही घरी तोडू शकाल, असा प्रश्न विचारला तर वर्गातील अर्धे हात वर होतील.

प्राण्यांवर प्रेम करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याचा देश, त्याचा आहार, त्याचा आजार माहीत करून घेण्याची तसदी त्या प्रेमाने घेतली पाहिजे. ती ज्यांना घेता येत नाही त्यांच्यासाठी कात्रजचे उद्यान आहेच. तेथे काचेपलीकडचा अजगर पाहावा, त्याच्याविषयीची पाटी मुलाला वाचून दाखवावी, आणि घरी परतल्यावर, जेवायला बसण्यापूर्वी, हात स्वच्छ धुवावेत.